मुघल ओलांडायचे तर सीडी रायटर हवा

आमच्या धुळ्याच्या गल्लीत कुणाकडे टीव्ही आला की लोक पेढे मागायचे. माझ्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा लोक कामं घेऊन आले! कुणाला लग्नपत्रिका छापून हवी, कुणाला पोरीची कुंडली, एकाला तर म्हशीचा विमा ‘कॉम्प्युटरवर घालून’ हवा होता. काम व्हायचं नाही, पण प्रत्येक कामामागे एक किस्सा मात्र उरायचा. आता नव्वदचं दशक संपत आलंय आणि साठा इतका झालाय की मी आणि बैसाणे सर कुठे लग्नाकार्यात दिसलो तर ओळखीची मंडळी खुर्च्या ओढून जवळ येतात. "हां, फेगडे, होऊ द्या सुरू!"

म्हशीच्या विम्याचं पुन्हा कधीतरी. आज फक्त सीडी रायटरचं सांगतो, कारण त्यात आम्ही सगळेच वेडे झालो होतो.

*

आधी माणसं सांगतो. बैसाणे सर आमचे शेजारी, पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. त्यांची मुलगी संगीता. जन्मापासून दिसत नाही, आणि बोलण्यात आमच्या सगळ्यांच्या वर! बी.ए. चांगल्या मार्कांनी झाली आणि एम.ए.ला इतिहास घेतला. पुस्तकं कॅसेटवर वाचून घ्यायची आणि ऐकून अभ्यास करायचा, अशी तिची पद्धत.

पण एम.ए.च्या पहिल्या वर्षाला दोन पेपर राहिले. झालं, नातेवाइकांना कंठ फुटला. "बी.ए. झाली, पुरे की! टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स करू द्या, लगेच नोकरी." सरांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं, की यंदा सगळे पेपर निघाले तर पुढे शिकायचं, नाहीतर ऑपरेटर. ऑपरेटरच्या कामात वाईट काहीच नाही हो. पण पोरीला कॉलेजात इतिहास शिकवायचा होता.

असंच एका रविवारी ती सरांबरोबर आमच्याकडे बसली होती. मी कॉम्प्युटरवर गाण्यांची सीडी लावली आणि नको ते गाणं आलं म्हणून बटण दाबून पुढे गेलो. संगीता एकदम ताठ बसली.

"काका, मधलं गाणं कुठे गेलं?"

"ओलांडलं."

"म्हणजे ते ऐकावंच लागत नाही?"

मी पुन्हा बटण दाबलं. पुढचं गाणं. शेजारचं दाबलं. मागचं गाणं. तिनं माझा हात बाजूला सारला आणि स्वतःच बटण दाबत बसली.

"काका, कॅसेटवर मला पानिपत ऐकायचं असलं ना, तर आधी अख्खे मुघल ओलांडावे लागतात. पुढे पळवलं की चुकून इंग्रजच येतात! माझा अर्धा अभ्यास टेप मागेपुढे करण्यातच जातो."

सरांनी कपाळाला हात लावला. एका धड्याचा एक ट्रॅक. इतकं सोपं, आणि आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात कधी आलं नाही! त्याच दिवशी ठरलं की घरच्या घरी सीडी लिहिणारा सीडी रायटर घ्यायचा.

*

ठरवणं सोपं. निवडणं?

सरांनी कॉम्प्युटरची मासिकं आणली, जुन्या कॅलेंडरच्या मागे तक्ता आखला. वेग किती, बफर किती, आतला की बाहेरचा, साधा जोडायचा की वेगळं कार्ड टाकून. माझं म्हणणं, बाहेरचा घ्या. माझ्या कॉम्प्युटरचं पोट कुणी फाडलेलं मला चालणार नव्हतं. सरांचं म्हणणं, बाहेरचा म्हणजे संथ आणि बेभरवशाचा. वेगळं कार्ड टाकू, म्हणजे काम कसं मजबूत होईल.

"सर, आपल्याला धडा लिहायचाय, उपग्रह सोडायचा नाहीये!"

"फेगडे, सीडी लिहिताना, म्हणजे बर्न करताना, एक क्षण डेटा अडला की सीडी बाद. तुम्हाला काय कळतंय?"

आम्ही दोघं तीन रविवार भांडलो. चौथ्या रविवारी चहा ठेवता ठेवता माझी बायको कल्पना म्हणाली, "माझ्या वडिलांनी माझ्यासाठी स्थळ निवडायला एवढे दिवस लावले नव्हते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "घाई झाली, ते आता कळतंय."

सर खो खो हसले. मी नाही हसलो.

संगीता कोपऱ्यात शांत बसून ऐकत होती. सर म्हणत होते की थोडं थांबू, पुढच्या वर्षी याहून चांगलं मॉडेल येणार आहे. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, सगळ्यात चांगला रायटर पुढच्या वर्षी येणार, हे मला पटलं. पण माझी परीक्षा या वर्षी आहे."

सरांनी तक्ता गुंडाळला. जो लवकर मिळेल तो घ्यायचा, बस्स.

*

लवकर मिळणारा होता जळगावात. तिथल्या एका दुकानात एकच नग शिल्लक होता. माझे सासरे नाना सावद्याला केळीचा व्यापार करतात. त्यांना जळगावात काम होतं, म्हणून मी त्यांनाच म्हटलं, येताना घेऊन या. ही पहिली चूक!

नानांचा नियम असा, की बागेत जाऊन घड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माल घ्यायचा नाही. दुकानदारानं सीलबंद खोकं पुढे केलं तर नाना म्हणाले, "हे काय? मले उघडून दाखव."

"शेठ, सील तोडलं तर माल परत घेणार नाही."

"मी आजलोक कोणालेच माल परत केला नाही. पन पाह्यल्याबिगर घेतला बी नाही!"

खोकं उघडलं. नानांनी रायटर हातात घेतला, वजन पाहिलं, चारी बाजूंनी बोट फिरवलं, कानाशी धरून हलवला. मग दुकानदाराला म्हणाले, "भरेल दिसतो. बांधून दे."

इथवर ठीक होतं. पण दिवस उन्हाळ्याचे होते. जळगावचं ऊन तुम्हाला मी काय सांगू! खांबाला हात लावला तर फोड येतो. दुकानदार सहज म्हणाला, "शेठ, गरमीपासून जपा हं याला." नानांनी ते वाक्य मनावर घेतलं. केळीचा माल दिल्लीला जाताना उन्हानं खराब होऊ नये म्हणून जे करतात, तेच त्यांनी केलं.

संध्याकाळी एसटीतून उतरले, पिशवीतून एक हिरवंगार गाठोडं काढून टेबलावर ठेवलं आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, "जावईबापू, हात लावून पाहा. थंडगार आनला!"

सीडी रायटर केळीच्या ओल्या पानांत गुंडाळलेला होता.

ज्याला केळीचा चीक माहीत नाही त्याला यातली भीती कळणार नाही. कपड्याला लागला तर कपडा फाटेल, पण डाग जात नाही. इथे चीक ट्रेच्या फटीत उतरून वाळला होता. कॉम्प्युटरला जोडून बटण दाबलं तर आतून नुसतं कण्हल्यासारखं व्हायचं, ट्रे काही बाहेर येईना. माझं डोकं फिरलं. पण समोर सासरा! काय बोलणार? मी आत जाऊन माठातलं पाणी प्यायलो आणि पुन्हा बाहेर येऊन बसलो.

सर मात्र शांत होते. त्यांनी कापसाच्या बोळ्याला खोबरेल लावलं आणि दाराची कड पुसत बसले. चीक तेलानं सुटतो, हे त्यांना कल्पनानंच सांगितलं होतं. मग कागदाची एक क्लिप सरळ करून पुढच्या बारीक भोकात घातली आणि हळूच दाबली. ट्रे सुळकन बाहेर आला. आत चीक पोचलाच नव्हता!

सगळ्यांत मोठा सुस्कारा नानांनी टाकला. "पाह्यलं? मी म्हटलं होतं, माल चांगला आहे!"

पहिले काही दिवस आमच्या कॉम्प्युटरमधून खोबरेलाचा वास यायचा. संगीता म्हणायची, "काका, तुमचं मशीन न्हाऊन आल्यासारखं वाटतं."

*

आता लिहायला, म्हणजे टेपवरचे धडे सीडीवर उतरवायला सुरुवात. सरांनी आधीच बजावलं होतं, की सीडी लिहिली जात असताना कॉम्प्युटरला बोटही लावायचं नाही. आम्ही इतके पाळणारे, की दाराबाहेर चपला काढून पायाच्या बोटांवर चालत होतो. कल्पनानं मिक्सर बंद ठेवला. फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. पंख्याचा आवाज मोठा वाटतो म्हणून मी पंखासुद्धा बंद केला, तेव्हा सर म्हणाले, "पंख्यानं काही होत नाही हो, घाम पुसा."

किती लिहून झालं ते दाखवणारी पट्टी सरकत सरकत निम्म्याच्या पुढे गेली. सगळे स्क्रीनकडे डोळे लावून बसलेले. कुणी माउसला हात लावत नाही, की कीबोर्डला. आणि अचानक स्क्रीन काळी झाली आणि उजवीकडून डावीकडे मोठ्या भगव्या अक्षरांत सरकत आलं, ‘शुभ लाभ’!

तो स्क्रीन सेव्हर मी दिवाळीत लावला होता. त्यानं नेमका त्या क्षणी कॉम्प्युटरचा सगळा दम खाल्ला. सीडी बाद.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फेगडे, लाभ झाला. आता शुभ तेवढं राहिलं."

ती सीडी नानांनी सावद्याला नेली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे बांधली, अंधारात चमकते म्हणून. कितीतरी दिवस त्या ट्रॉलीमागे निम्मी पेशवाई लटकत होती.

*

स्क्रीन सेव्हर काढला तर नवीनच भानगड. सकाळी अकराच्या सुमारास सीडी हमखास बिघडायची. सरांनी शोधून काढलं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली की गल्लीतले दिवे एकदम डोळे मिचकावतात, आणि आमचा कॉम्प्युटर गचका खातो. माझ्याकडे यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच बसली होती.

गिरणी सोनगीरच्या आबांची. आम्ही भीत भीत गेलो. धंद्याच्या वेळेला मोटर बंद ठेवा, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आबांनी सगळं ऐकून घेतलं. सीडी म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण संगीताची परीक्षा आहे एवढं कळलं. त्यांनी मोटरचा पट्टाच उतरवून खुंटीला टांगला आणि दारात बाकडं टाकून बसले.

"मी शे ना आठे! तुम्ही जा, काम करा. दळण थांबी, पोरनं काम थांबाव नही."

मग रोज एकेक धडा सीडीवर चढवायचं ठरूनच गेलं. सर गॅलरीतून टॉवेल हलवायचे, आबा पट्टा उतरवायचे. धडा लिहून झाला की पुन्हा टॉवेल. तेवढा वेळ गल्लीतल्या बायका डबे घेऊन गिरणीसमोर ताटकळत उभ्या. एक दिवस जरा जास्तच उशीर झाला, तर एक आजी डबा कडेवर घेऊन थेट आमच्या ओट्यावर आल्या आणि खिडकीतून कल्पनाला विचारू लागल्या, "व्हयना का वं तुमना इतिहास? आमनं दळण पडेल शे!"

कल्पनानं आतून ओरडून सांगितलं, "आजी, मराठे झाले, इंग्रज राहिलेत!"

आजी म्हणाल्या, "मग त्यास्ले बी आटपी टाका. मी बसस."

आणि त्या ओट्यावर बसल्या! राग नाही, कटकट नाही. मला माझ्या गल्लीबद्दल एवढं प्रेम तोवर कधी वाटलं नव्हतं, हे खरं सांगतो.

*

अखेर पहिली सीडी बिनचूक झाली. कॉम्प्युटरवर लावली तर खणखणीत वाजली. सरांनी संगीतासाठी छोटा सीडी प्लेअर आणून ठेवला होता. त्यात घातली. प्लेअर फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. आवाज नाही.

मी म्हटलं, संपलं. रायटरच चुकीचा निवडला. एवढी भांडणं, एवढे रविवार, आणि पदरात काय पडलं?

संगीता शांतपणे म्हणाली, "काका, आधी रडून घेऊ, की आधी काय बिघडलं ते बघू?"

सर मासिकं घेऊन बसले. मग सापडलं. सीडी लिहून झाल्यावर ती शेवटी बंद करावी लागते, तरच साध्या प्लेअरला ती वाचता येते. आणि सरांनी ती मुद्दाम उघडी ठेवली होती!

"का पण सर?"

सर ओशाळले. "अजून जागा शिल्लक होती हो. एक धडा बसला असता. जागा असताना बंद कशी करायची?"

कल्पना ताट पुसत उभी होती. म्हणाली, "सर, मी लोणच्याची बरणी अर्धी असली तरी झाकण लावते."

सरांनी मुकाट्यानं सीडी पुन्हा आत घातली आणि बंद केली.

मग संगीतानं प्लेअर मांडीवर घेतला. बटण दाबलं. पहिला धडा. पुन्हा दाबलं. दुसरा, तिसरा, चौथा. बोट थांबलं आणि पानिपत सुरू झालं, अगदी पहिल्या वाक्यापासून. ती हसायला लागली. हसता हसता तिनं मागे जाऊन मुघल लावले, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. सर गॅलरीत जाऊन टॉवेल उगीच झटकत उभे राहिले. कोपऱ्यावर आबांना वाटलं की सीडी झाली, आणि त्यांनी गिरणी सुरू केली. मला रडू आवरलं नाही आणि मी ते लपवलंही नाही.

*

परीक्षा झाली. निकाल लागला. संगीताचे मागचे दोन्ही आणि यंदाचे सगळे, मिळून सगळे पेपर निघाले, तेही फर्स्ट क्लासमध्ये! ऑपरेटरच्या कोर्सचा विषय नातेवाइकांनी पुन्हा काढला नाही. ती आता कॉलेजातल्या नोकरीसाठी पुढच्या परीक्षेची तयारी करतेय आणि सर पुन्हा नवीन मॉडेलची मासिकं चाळतायत.

पण खरा किस्सा परीक्षेच्या हॉलमधला आहे. तो तिनं निकाल लागेपर्यंत कुणाला सांगितला नव्हता. पेढे वाटून झाल्यावर सांगितला.

त्याचं असं झालं. जुन्या कॅसेट ताणल्या गेल्या होत्या, म्हणून आम्ही सगळी पुस्तकं नव्यानं टेपवर वाचून काढली होती. इंग्रजांच्या महसूल पद्धतीचा धडा कल्पनाकडे होता. रायटर यायच्या आधीचे ते थंडीचे दिवस, म्हणजे वांग्याच्या भरताचे. घरी पाहुणे येणार होते आणि वांगी भाजायची होती. म्हणून तिनं टेप स्वयंपाकघरात नेला. तिनं ओट्याशी उभं राहून वाचायचं आणि मी गॅसवरच्या वांग्यांकडे बघायचं, अशी आमची वाटणी झाली होती. मी पेपर वाचत बसलो, हे वेगळं सांगायला नको. पुढे तो धडा तसाच्या तसा सीडीवर गेला, कापाकापी करायला वेळ कुणाला होता?

संगीताच्या पेपरला लेखनिक मुलगी होती. संगीतानं सांगायचं, तिनं लिहायचं. आणि पेपरात नेमका प्रश्न आला रयतवारी पद्धतीवर. त्यातल्या मार्कांवर पेपर निघणार की राहणार, एवढा वजनदार. संगीतानं धडाधड मुद्दे सांगितले. थेट शेतकऱ्याशी करार झाला, मध्यस्थ गेले, जमिनीची मोजणी झाली. आणि एकाएकी गाडी अडली. पुढचा मुद्दा काही केल्या आठवेना. वेळ चाललेला. लेखनिक पेन धरून बसलेली. पर्यवेक्षक दारात उभे.

शेवटी संगीतानं डोकं टेबलावर टेकवलं आणि धडा पहिल्यापासून मनातल्या मनात लावला. मग ओठ हलायला लागले, मग पुटपुटणं मोठं होत गेलं, थेट कल्पनाच्या चालीत, कल्पनाच्या हेलात.

"...सरकारनं शेतसारा थेट रयतेवर बसवला. त्यासाठी प्रत्येक शेताची मोजणी करण्यात आली. अहो, वांगं फिरवा, एका बाजूनं पार करपलं!"

लेखनिक मुलीनं पेन थांबवलं आणि घाबरत घाबरत विचारलं, "ताई, हे पण लिहू?"

संगीतानं झटकन डोकं वर केलं.

"वांगं नको! पण पेन खाली ठेवू नकोस, वांग्याच्या पुढचा मुद्दा आला!"